कुत्र्याच्या कॅन्सरवर ‘नवीन उपचार आलाय’ असं वाचलंत तर आधी काय करायचं

घरातल्या कुत्र्याला कॅन्सर निघाला हे चार लोकांना कळलं की दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर लिंका यायला लागतात. अमेरिकेत लस निघाली, ऑस्ट्रेलियात कुठल्यातरी झाडाच्या बियांपासून इंजेक्शन केलंय, कुणाच्या आतेभावाच्या कुत्र्याला मशरूमच्या गोळ्यांनी फरक पडला. पाठवणाऱ्यांचा जीव तुटतो म्हणूनच ते पाठवतात, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण आमच्या ब्राऊनीला (लॅब्रेडोर, नऊ वर्षांची) लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, ज्यात बहुतेक वेळा गळ्याखाली वगैरे गाठी येतात, तो झाला तेव्हा मी रात्र रात्र जागून हेच सगळं वाचत बसले आणि जी कामं पहिल्या आठवड्यात करायला हवी होती ती मला तिसऱ्या आठवड्यात कळली, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषधाचा डोस वगैरे इथे काही सांगणार नाही. नवीन उपचाराची बातमी हातात आली की तिचं काय करायचं, एवढंच.

पहिलं काम म्हणजे कॅन्सरचं पूर्ण नाव मिळवा. “गाठ आहे, कॅन्सर वाटतोय” हे नाव नव्हे. गाठीत सुई घालून पेशी काढतात ती एफएनएसी, आणि तुकडा काढून तपासतात ती बायोप्सी, यातलं काय झालंय, रिपोर्टवर नेमकं काय लिहिलंय, ग्रेड (म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे) दिलाय का, तो बाकी शरीरात पसरलाय का हे बघायला सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे झालाय का, हे सगळं विचारा आणि रिपोर्टची कॉपी स्वतःकडे ठेवा, फोटो नको, पीडीएफ मागा. लिम्फोमा असेल तर बी सेल की टी सेल (पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार) हेही विचारा कारण टी सेलवाला सहसा जास्त त्रास देतो. हे सगळं एवढ्यासाठी की नवीन औषध जे येतं ते सहसा एकाच जातीच्या कॅन्सरसाठी असतं. ते झाडाच्या बियांचं इंजेक्शन म्हणजे स्टेलफोन्टा, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जंगलातल्या ब्लशवुड नावाच्या झाडापासून काढलेलं, अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मंजूर झालं. ते फक्त मास्ट सेल ट्यूमर नावाच्या, कातडीत होणाऱ्या कॅन्सरच्या गाठीत टोचायचं, तीही शरीरात पसरलेली नसेल तरच. तिथल्या चाचणीत एका इंजेक्शननंतर २८ दिवसांनी ७५ टक्के कुत्र्यांची गाठ पूर्ण गेली होती, खोटं इंजेक्शन दिलेल्यांमध्ये फक्त ५ टक्के. फार मोठी गोष्ट आहे ही! गाठ काळी पडून गळते आणि तिथे मोठी जखम होते, ती भरायला काही आठवडे लागतात, पण ऑपरेशन टळतं. तरीही ब्राऊनीच्या लिम्फोमाला त्याचा शून्य उपयोग, आणि हे मला समजायला चार दिवस गेले, तेवढे दिवस मी ते इंजेक्शन भारतात कोण आणून देईल हे शोधत होते.

दुसरं काम खरं तर पहिल्याच्याही आधीचं आहे. स्टेरॉइड चालू करायच्या आधी थांबा आणि विचारा. आमच्याकडे हेच चुकलं. ब्राऊनीच्या गळ्याखाली दोन गाठी लागल्या, जिथे आधी दाखवलं तिथे सूज समजून प्रेडनिसोलोन चालू केलं, चार दिवसांत गाठी निम्म्या झाल्या आणि आम्ही सुटलो म्हणून खूश. लिम्फोमामध्ये स्टेरॉइडने गाठी पटकन बसतात, हीच तर गोची आहे, कारण मग सुई घातली तरी पेशी नीट सापडत नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे कॅन्सरच्या पेशी तेवढ्यात औषधाला दाद न द्यायला शिकतात आणि नंतरची केमो कमी काळ टिकते. शिवाय नवीन औषधांच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये आधी स्टेरॉइड घेतलेलं कुत्रं घेतच नाहीत. श्वास अडकलाय, गाठ घशावर दाबतेय अशी वेळ असेल तर डॉक्टर देतीलच आणि द्यायलाच हवं, पण तशी घाई नसेल तर “आधी सॅम्पल घेऊया आणि मग सुरू करूया का” एवढं एक वाक्य बोला. माझ्या ओळखीत ज्याच्या कुत्र्याला गाठ लागते त्याला मी पहिल्यांदा हेच सांगते, बाकी सगळं नंतर.

मग नवीनच्या मागे लागायच्या आधी जुनं काय देतं ते माहीत करून घ्या. हे कंटाळवाणं वाटतं पण त्याशिवाय नवीन चांगलं की वाईट ते कळणार कसं? लिम्फोमाला काहीच केलं नाही तर साधारण महिना-दीड महिना. नुसतं प्रेडनिसोलोन दिलं तर एक-दोन महिने. चार औषधांची केमो असते, व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन, तिला चॉप म्हणतात, त्यात बी सेलवाल्या दहातल्या आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी जातात आणि साधारण वर्षभर मिळतं. गाठी जातात म्हणजे रेमिशन, बरं होणं नव्हे, हा फरक स्वतःला चार वेळा सांगा. हाडाचा ऑस्टिओसार्कोमा असेल तर नुसता पाय काढून चार-पाच महिने, पाय काढून वर केमो दिली तर दहा-बारा महिने. प्लीहेतला हेमॅन्जिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कॅन्सर) सगळ्यात निर्दयी, फुटून पोटात रक्तस्राव होईपर्यंत कळतच नाही, ऑपरेशननंतर एक ते तीन महिने आणि केमोसकट चार ते सहा.

हे आकडे म्हणजे मधला आकडा असतो. बारा महिने म्हणजे निम्मे कुत्रे त्याआधी गेले आणि निम्मे त्यानंतरही होते, तुमचं कुत्रं कुठल्या बाजूला हे कुणी सांगू शकत नाही. आणि केमो म्हटलं की आपल्याला माणसांची केमो आठवते, केस गेलेत, उलट्या थांबत नाहीत, तसं कुत्र्यांमध्ये सहसा नसतं कारण त्यांना डोसच मुळात असा देतात की आयुष्य वाढलं नाही तरी चालेल पण आहेत ते दिवस बरे जावेत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जाती सोडल्या तर केस फारसे जात नाहीत, मिशा मात्र जातात, ब्राऊनीच्या गेल्या होत्या. ही औषधं माणसांचीच आहेत, नेहमीच्या मोठ्या मेडिकलमध्ये मिळतात, म्हणजे जुना आणि खात्रीचा उपचार आपल्याकडेही होतो. फक्त तो नेहमी करणारा डॉक्टर शोधा, कारण डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर एक थेंब गळलं तरी आजूबाजूचं मांस जळतं. परळचं मुंबई व्हेटर्नरी कॉलेज, महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल, अशा मोठ्या ठिकाणी निदान एकदा मत घ्या, मग इंजेक्शनं जवळच्या डॉक्टरांकडे घेतली तरी चालतील का ते तेच सांगतील. कोली किंवा कोलीचं मिक्स असेल तर एमडीआर-१ जीनबद्दल केमोच्या आधी विचारा. काही कोलींमध्ये हा जीन बिघडलेला असतो आणि व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन त्यांना नेहमीच्या डोसमध्येही झेपत नाही.

व्हिन्क्रिस्टिनवरून आठवलं, ते सदाफुलीपासून येतं. आपल्या गॅलरीत कुंडीत असते तीच सदाफुली. (पानं तोडून कुत्र्याला खायला घालू नका, विषारी आहेत, औषध त्यातून फार बारीक प्रमाणात वेगळं काढतात.) आणि गल्लीतल्या कुत्र्यांना जननेंद्रियावर फ्लॉवरसारखी लालभडक गाठ येते, रक्त गळतं, लोक हाड-हाड करतात, तो टीव्हीटी नावाचा कॅन्सर. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे संबंधातून जातो, जंतू नाही जात, चक्क कॅन्सरच्या जिवंत पेशीच जातात, आणि या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींपासून आल्यात हे त्यांचा डीएनए वाचून सिद्ध झालंय. याला आठवड्याला एक असं व्हिन्क्रिस्टिन चार-सहा आठवडे दिलं की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. पूर्ण! तेव्हा तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याला अशी गाठ दिसली तर कुठल्याही नवीन संशोधनाची वाट बघू नका, जवळच्या प्राणी संस्थेला फोन करा.

आता बातमी कशी वाचायची. मी चार प्रश्न विचारते. पहिला, हे कुणावर करून बघितलं? “कुत्र्यांच्या कॅन्सरवर प्रभावी” असं लिहिलेलं असतं आणि आत वाचलं तर काचेच्या बशीत वाढवलेल्या कुत्र्याच्या पेशी असतात. बशीत तर हळदीतलं कर्क्युमिनही पेशी मारतं, पण पोटातून ते रक्तात इतकं कमी जातं की बशीतलं शरीरात होत नाही. दुसरा प्रश्न, किती कुत्रे होते? तिसरा, तुलना कुणाशी केली? आणि चौथा, मोजलं काय, गाठ लहान झाली हे की कुत्रं जास्त जगलं हे? गाठ दोन महिने लहान झाली आणि कुत्रं तेवढंच जगलं असंही होतं.

मशरूमचं उदाहरण घेऊ कारण ते सगळ्यांना पाठवलं जातं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीने २०१२ मध्ये टर्की टेल मशरूमपासून केलेलं औषध हेमॅन्जिओसार्कोमा झालेल्या १५ कुत्र्यांना दिलं, सगळ्यात जास्त डोसवाले मधल्या आकड्याने १९९ दिवस जगले, आणि या रोगात हा आकडा खरंच डोळे विस्फारणारा होता. पण १५ कुत्रे, तेही तीन डोसांमध्ये वाटलेले, म्हणजे एका गटात पाच, त्यातलं एखादं चिवट निघालं की आकडा बदलला. नंतर जास्त कुत्र्यांवर मोठा अभ्यास झाला तेव्हा ते पहिलं चित्र टिकलं नाही. व्हॉट्सॲपवर मात्र अजून २०१२चीच बातमी फिरते.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सिरोलिमस नावाचं औषध, रॅपामायसिनही म्हणतात, ऑस्टिओसार्कोमावर चालेल अशी खूप आशा होती, प्रयोगशाळेत आणि उंदरांमध्ये चांगलं दिसलेलं. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने कुत्र्यांच्या हॉस्पिटलांचं जाळं उभं केलंय त्यातून ३२४ पाळीव कुत्र्यांवर नीट चाचणी केली, सगळ्यांना पाय काढणं आणि केमो, निम्म्यांना वर सिरोलिमस. २०२१ मध्ये निकाल आला, काहीही फरक नाही. हे वाचून मला आधी रडू आलं, त्या ३२४ घरांचा विचार करून. पण त्यांच्यामुळेच आज कुणी ऑस्टिओसार्कोमासाठी सिरोलिमस विकायला आलं तर आपण नाही म्हणू शकतो.

लसींच्या बातम्या सध्या सगळ्यात जास्त. इथे एक समजून घ्या की यातल्या बहुतेक लसी कॅन्सर होऊ नये म्हणून नाहीत, झाल्यावर शरीराला त्या पेशी ओळखायला शिकवणाऱ्या आहेत. येल युनिव्हर्सिटीच्या लसीबद्दल २०२४ मध्ये बरंच छापून आलं, काही कॅन्सरमध्ये वर्षभर जगणाऱ्या कुत्र्यांचं प्रमाण सुमारे ३५ वरून ६० टक्क्यांवर गेलं असं त्यांनी सांगितलं. चांगलीच बातमी आहे, पण माझा तिसरा प्रश्न इथे लावा, तो ३५चा आकडा त्याच चाचणीतल्या लस न दिलेल्या कुत्र्यांचा आहे की जुन्या नोंदींमधला, कारण जुन्या नोंदीतले कुत्रे जास्त आजारी असतील तर तुलनाच फसते. तोंडातल्या मेलानोमाची (रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरची) ऑनसेप्ट ही लस तर २००७ मध्ये सशर्त आणि २०१० मध्ये पूर्ण मंजूर होऊन बाजारात आली, तरी तिने आयुष्य किती वाढतं यावर पुढच्या अभ्यासांचं एकमत नाही. खरोखर कॅन्सर टाळता येतो का हे बघणारी एक वेगळी मोठी चाचणी अमेरिकेत २०१९ मध्ये सुरू झाली, ८०० निरोगी कुत्रे, निम्म्यांना लस, निम्म्यांना खोटी. असं काम व्हायला वर्षं लागतात आणि लागायलाच हवीत.

मंजुरी हा शब्दही तपासून घ्या. अमेरिकेत पूर्ण मंजुरी आणि सशर्त मंजुरी अशा दोन असतात. सशर्त म्हणजे औषध सुरक्षित आहे हे दाखवलंय आणि उपयोग होईल अशी वाजवी अपेक्षा आहे, पक्का पुरावा अजून गोळा करायचाय. टॅनोव्हिया हे लिम्फोमाचं इंजेक्शन आधी सशर्त होतं, जुलै २०२१ मध्ये पूर्ण झालं, लिम्फोमासाठी तिथे पूर्ण मंजुरी मिळालेलं पहिलं. त्यातही फुप्फुसं कडक होण्याचा धोका आहे आणि वेस्टी (छोटे पांढरे टेरियर) जातीला ते देत नाहीत. लॅव्हर्डिया ही लिम्फोमाची घरी द्यायची गोळी जानेवारी २०२१ मध्ये सशर्त आली. पॅलाडिया २००९ची, कुत्र्यांच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलंच औषध, मास्ट सेलसाठी. म्हणजे बघा, ती मेलानोमाची लस सोडली तर त्याआधी तिथेसुद्धा सगळं माणसांचंच औषध वापरत होते. एखादं औषध बाहेरून मागवायचं मनात आलं तर ते डॉक्टरांमार्फतच बघा, इन्स्टावरच्या कुणाला ॲडव्हान्स पाठवू नका, घाबरलेल्या माणसाकडून पैसे काढणं फार सोपं असतं.

चाचणीत कुत्रं घालायचं असेल तर? हे मुख्यतः न्यू जर्सी, कॅलिफोर्निया वगैरे बाजूला राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी, कारण मोठ्या चाचण्या तिथल्या व्हेट कॉलेजांमध्ये चालतात, कोलोराडो स्टेट, यूसी डेव्हिस, पेन, पर्ड्यू. तिथल्या व्हेटर्नरी असोसिएशनचा चाचण्यांचा डेटाबेस आहे, त्यात कॅन्सरचं नाव आणि राज्य टाकून शोधता येतं, आणि सापडलं की त्याच दिवशी फोन करा, एक केमो दिल्यावर कुत्रं अपात्र ठरू शकतं. विचारायचं ते असं. माझ्या कुत्र्याला नेहमीचा उपचार मिळणारच आहे का आणि नवीन औषध त्यावर वाढीव आहे, की त्याच्या जागी? कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं का? कोणता खर्च ते करतात आणि कोणता माझा, कारण औषध फुकट आणि स्कॅन आपल्या खिशातून असंही असतं. त्रास झाला तर त्याचे पैसे कोण भरणार? मी मध्येच थांबू शकते का? (शकता, कधीही.) भारतातून कुत्रं तिकडे न्यायचा विचार मीही केला होता. रेबीजमुळे भारत त्यांच्या जास्त धोक्याच्या देशांच्या यादीत आहे, २०२४ पासून नियम आणखी कडक झालेत, चिप, लसीची कागदं, रक्त तपासणी, आणि चाचणीला तर दर एक-दोन आठवड्यांनी जावं लागतं. लिम्फोमाचं कुत्रं एवढी वाट बघू शकत नाही. आम्ही तो विचार सोडला आणि सोडल्यावर जरा शांत झोप लागली.

चाचणीत जाणं म्हणजे कुत्र्याला प्रयोगाला देणं असं काहींना वाटतं, माझ्या आईलाही वाटलं होतं. तिला मी मिफामुर्टाइडची गोष्ट सांगितली. ऑस्टिओसार्कोमा लहान मुलांनाही होतो, कुत्र्यांमध्ये तो कितीतरी पट जास्त दिसतो आणि दोघांमध्ये खूप साम्य आहे. हे औषध १९८०च्या दशकात हाडाचा कॅन्सर झालेल्या पाळीव कुत्र्यांना देऊन बघितलं, ते जास्त जगले, आणि २००९ मध्ये युरोपात तेच मुलांसाठी मंजूर झालं. त्या कुत्र्यांना कॅन्सर कुणी दिला नव्हता, तो झालेलाच होता, ती घरचीच कुत्री होती आणि संध्याकाळी घरी जात होती.

घरगुती आणि इंटरनेटवरच्या औषधांबद्दल थोडक्यात. जंताचं फेनबेंडाझोल कॅन्सरला चालतं म्हणून सगळीकडे फिरतंय, कुत्र्यांमध्ये नीट तुलना करून ते सिद्ध झालेलं नाही आणि दिवसेंदिवस दिलं तर बोनमॅरोला मार बसू शकतो, तोच मार केमोही देत असते. काहीही देत असाल, हळद, सीबीडी (भांगेच्या झाडापासून काढलेलं) तेल, कुठला काढा, तर डॉक्टरांना सांगा, ओरडले तर ओरडू देत.

केमो सुरू झाली की घरी सांभाळायच्या दोन-तीन गोष्टी राहतात. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस शी-शू आणि उलटी हातमोजे घालून उचला, घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांना त्यापासून लांब ठेवा. गोळ्या फोडायच्या नाहीत. साधारण आठवड्याभराने पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा कुत्रं मलूल झालं, खाईना, की लगेच ताप बघा, १०३ फॅरनहाइटच्या वर असेल तर सकाळची वाट न बघता फोन करायचा, म्हणून रात्री कोण बघतं तो नंबर आधीच विचारून फ्रिजवर लावून ठेवा. दर वेळी वजन करा कारण डोस अंगाच्या आकारमानावर असतो.

आणि एक वही करा. रोज एकच ओळ, खाल्लं का, जिना चढली का, दारात आली का, आणि दिवस बरा की वाईट. ब्राऊनीला आठ महिने मिळाले, त्यातला दीड महिना सोडला तर वहीत जवळजवळ सगळीकडे बरा असंच लिहिलंय. डॉक्टर कशी आहे विचारतात तेव्हा आपल्या तोंडून पटकन बरी आहे असंच निघतं, तर बोलू नका, वही उघडून त्यांच्या टेबलावर ठेवा.